एकतीसचं ॲव्हरेज

बाबा, गेल्या महिन्यात मी वयाने तुमच्यापेक्षा मोठा झालो. तुम्ही गेलात ते त्रेसष्टाव्या वर्षी, आणि मला आता चौसष्टावं लागलं. सकाळचे साडेदहा वाजलेत, तुमची सून भाजी आणायला खाली गेली आहे आणि मी डायनिंग टेबलाशी कोरे कागद घेऊन बसलोय. मला भीती वाटते आहे. ती कुणाला सांगावी याचा आठ दिवस विचार केला. लेकीला सांगितलं तर ती कामधंदा टाकून इथे येऊन राहील, मित्रांना सांगितलं तर ते हसण्यावारी नेतील, म्हणतील वय झालं यार, सगळ्यांचंच होतं. तुम्ही काहीच म्हणणार नाही. आणि जिवंत माणसांपेक्षा ही गोष्ट तुम्हालाच जास्त समजेल, असंही आहे.

आधी गाडीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं. रिटायर झाल्यावर दोन वर्षांनी मी गाडी घेतली. हायब्रिड म्हणतात तिला. पेट्रोलचं इंजिन आहेच, शिवाय एक बॅटरी आणि मोटर. बॅटरी बाहेरून चार्ज करावी लागत नाही. तुम्ही ब्रेक मारलात, उतारावर गाडी सोडलीत की ती आपली आपण भरते. गर्दीत, सिग्नलला, हळू चालताना इंजिन बंद होतं आणि गाडी बॅटरीवर सरकते. तुम्ही असता तर पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पडली समजून किल्लीला हात घातला असता. पण किल्ली फिरवायचीच नसते. एक बटण दाबायचं, समोर 'रेडी' अशी हिरवी खूण उजळते, झालं. आवाज काही येत नाही. आपल्या मुलुंडच्या रस्त्यांवर, जिथे एक किलोमीटर जायला कधी कधी पंधरा मिनिटं लागतात, तिथे ही गाडी फार कमी पेट्रोल पिते. किती कमी, ते समोरच्या स्क्रीनवर सारखं दिसत असतं. लिटरला पंचवीस, सव्वीस किलोमीटर. पण स्क्रीनवर माझा विश्वास नाही. तो तुम्ही बसूच दिला नाहीत.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. रविवार आहे, आणि तुम्ही साकीनाक्याच्या वर्कशॉपचा टेम्पो धुवायला नेताना मला सोबत घेतलंय. वर्कशॉपमध्ये पितळेचे वॉल्व्ह बनायचे, आणि ते भांडुप, घाटकोपर, अंधेरीच्या कारखान्यांत पोचवायचं काम तुमचं. पंपावर तुम्ही मला खाली उतरवता, मशीनसमोर उभं करता आणि सांगता, आधी शून्य बघ. मग टाकी अगदी काठोकाठ भरून घेता. खिशातून छोटी डायरी काढून त्यात मीटरचा आकडा आणि लिटर लिहिता. मी विचारतो, काटा दाखवतो ना किती उरलंय ते, मग लिहायचं कशाला? तुम्ही हसता. "काट्यार इस्वास ठेवू नको. काटो खोटा बोलता. भरलंस किती नि धावलंस किती, तां बघ." टाकी भरून निघायचं, पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरायची, जितकं मावेल तितकंच खर्च झालेलं. साधं गणित, पण शाळेत मला भागाकार जमत नव्हता तो त्या डायरीवर जमायला लागला. पुढे नोकरीला लागलो तेव्हा तुम्ही मला तसलीच एक डायरी आणून दिलीत, नवी कोरी, पेन्सिल अडकवायला बाजूला कापडी खोबण असलेली. मी औषधाच्या कंपनीत चाचणी विभागात पस्तीस वर्षं काढली, गोळ्या मोजल्या, वजनं केली, नोंदी ठेवल्या. माणूस मोजत राहिला तर फसत नाही, असं मला वाटायचं.

तर या गाडीचीही मी वही ठेवली. एलबीएस रोडवरचा एकच पंप, शक्यतो एकच मशीन, आणि सकाळी, ऊन चढायच्या आत. नळी टाकीत घातली की पेट्रोल वर आल्यावर ती खटकन आपोआप बंद होते, त्याला कट म्हणतात. पहिला कट झाला की मी थांबवतो. पंपावरची मुलगी विचारते, "काका, राउंड फिगर करू?" मी म्हणतो, "नको गं, कट झालं ना, बस." वरून थेंब थेंब ढोसलं की हिशेब बिघडतो. मग गाडी बाजूला घेऊन मी वहीत लिहितो. तारीख, मीटर, लिटर. दोन वर्षांत आकडा साडेएकवीसच्या आसपास राहिला. पावसाळ्यात एकवीस, मे महिन्यात एसीमुळे वीस, हिवाळ्यात बावीस. स्क्रीन पंचवीस म्हणायची आणि माझी वही साडेएकवीस, आणि मला त्यातही एक समाधान वाटायचं.

मग ते एकतीस आलं. दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. आधीच्या भरण्यापासून सहाशे बावन्न किलोमीटर झालेले, आणि टाकीत मावलं एकवीस लिटर. मी पंपावरच मोबाईलवर भागाकार केला. एकतीस. पुन्हा केला, पुन्हा एकतीस. बाबा, मी लहान मुलासारखा खूश झालो. आठवड्यापूर्वी टायरमध्ये हवा भरली होती, थंडी होती, आणि हल्ली मी पाय फार हलका ठेवतो; म्हटलं, जमलं आपल्याला. घरी येऊन वहीच्या पानाचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी अंगठे दाखवले, झकास काका, काकांकडे क्लास लावा. चौथ्या मजल्यावर एक तरुण राहतो, त्याच्याकडे हीच गाडी आहे. तो संध्याकाळी लिफ्टमध्ये भेटला. म्हणाला, "काका, रागावू नका, पण एकतीस शक्यच नाही. मधलं एखादं भरणं लिहायचं राहिलंय."

"माझ्या वहीत राहत नाही," मी म्हटलं.

"काकूंनी भरलं असेल."

"ती चालवत नाही."

चौथा मजला आला, तो उतरला. मला त्याचा राग आला, आणि राग इतका का आला ते मला कळलं नाही.

चार दिवसांनी तुमच्या सुनेने धुण्याचे कपडे काढताना माझ्या पँटच्या खिशातून एक चिटोरा काढला. पंपाची पावती होती. पवईच्या रस्त्यावरचा एक पंप, मंगळवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं, नऊ लिटर तीस. ती म्हणाली, "ही लागते का तुमच्या वहीला?" आणि भांड्यांकडे वळली. मी पावती घेऊन खुर्चीवर बसलो. एकवीसमध्ये नऊ पूर्णांक तीन मिळवले. सहाशे बावन्नला त्याने भागलं. उत्तर साडेएकवीस आलं, अगदी नेहमीचं.

मी त्या आकड्याकडे किती वेळ बघत होतो मला माहीत नाही. पावतीत चूक नव्हती, गाडीत चूक नव्हती. टाकी भरून जेमतेम दोनशे किलोमीटर झालेले असताना मी पुन्हा पंपावर गेलो होतो आणि पुन्हा पहिल्या कटपर्यंत भरून घेतलं होतं. असं माणूस केव्हा करतो? आधीचं भरलेलं आठवत नसेल तेव्हाच. आणि पवईला मी गेलोच कशाला होतो? त्या मंगळवारचं मला आठवतं ते एवढंच: बँकेत हयातीचा दाखला द्यायला निघालो. बँक आपल्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. बँकेतली रांग आठवते. त्यानंतर घरी आलो आणि शेवग्याच्या शेंगा टेबलावर ठेवल्या, ते आठवतं. शेंगा घेतल्या कुठे? मधलं काहीच नाही. धूसर दिसावं तसंसुद्धा नाही. भिंतीवरून कॅलेंडर काढल्यावर जसा रिकामा चौकोन उरतो, तसा त्या दिवसात एक चौकोन आहे. फोनमध्ये म्हणे आपण कुठे कुठे गेलो ते सगळं दिसतं. मी अजून ते उघडलेलं नाही.

तुमची सून हात पुसत बाहेर आली. "लागली का?"

मी म्हटलं, "मंगळवारी कंपनीतल्या एका मित्राला गाडी दिली होती. त्यानेच भरलं असणार."

"तुम्ही? गाडी दिलीत?"

"अडला होता बिचारा."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी सोसायटीतल्या कुणाला कधी हवेचा पंपसुद्धा दिलेला नाही, हे तिला माहीत आहे. पण ती पुन्हा भांड्यांकडे गेली. आणि बाबा, तोंडातून ते खोटं बाहेर पडलं त्याच क्षणी मला तुमचा आवाज ऐकू आला. "होय शेठ, मारल्यो फेऱ्यो." पस्तीस-छत्तीस वर्षांनी मला त्या वाक्याचा अर्थ लागला.

तुम्ही तेव्हा सत्तावन्नचे होता. शेठने मला निरोप पाठवून वर्कशॉपमध्ये बोलावलं. मला वाटलं तुम्हाला काही लागलं-बिगलं. मी ऑफिसमधून धावत गेलो तर तुम्ही शेठच्या टेबलासमोर उभे, आणि टेबलावर तुमचीच डायरी उघडी. शेठ म्हणाला, "बघ, तू शिकलेला आहेस. साकीनाका ते भांडुप आणि परत, किती होतात? वीस-बावीस? मग इथे अठ्ठेचाळीस कसे? इथे पंचावन्न? महिनाभर असंच चाललंय. माझ्या टेम्पोत दुसऱ्याचा माल फिरतोय." आकडे तुमच्या हातचे होते. एकही खोडाखोड नाही. तुम्ही इमानाने एक एक किलोमीटर लिहून ठेवला होता. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही म्हणालात, होय शेठ, मारल्यो फेऱ्यो. शेठ म्हणाला, "बावीस वर्षं झाली म्हणून पोलिसांत देत नाही." तुम्ही टेम्पोची किल्ली टेबलावर ठेवलीत आणि आपण बाहेर आलो.

घाटकोपरच्या आपल्या खोलीत, स्वयंपाकाच्या कट्ट्याशी, आई कुळथाची पिठी ढवळत असताना मी तुम्हाला काय काय बोललो ते मला शब्दनशब्द आठवतं. आठवायला नको ते सगळं आठवतं, हीही एक गंमतच. मी म्हटलं, "माझं लग्न ठरतंय आणि तुम्ही चोऱ्या करताय. पैसे केलेत कुठे? दारूत घातलेत?" तुम्ही कधी दारूला शिवला नव्हता. आई म्हणाली, "गप रे, बापाशी बोलतोस तू." तुम्ही पाटावर बसून दोन्ही हातांनी गुडघे धरले होते. म्हणालात, "चुकला माझा." बस, एवढंच. मी पुढे कितीतरी महिने तुमच्याशी धड बोललो नाही. लग्नात तुमच्या पाया पडलो तेव्हाही वर बघितलं नाही.

त्याच्या दोन महिने आधीचा एक रविवार मी विसरलो होतो, तो या पावतीने परत आणला. तुम्ही मला म्हणालात, "चल रे माझ्यावांगडा, भांडुपाक एक डिलिव्हरी हा." मला कुठेतरी जायचं होतं, तरी आलो. कांजूरमार्गला, पवईचा रस्ता जिथे एलबीएस रोडला येऊन मिळतो, तिथे तुम्ही टेम्पो थांबवलात. मागून हॉर्न वाजत होते. तुम्ही समोर बघत म्हणालात, "आता खंय वळूचा, सांग बघू." मला वाटलं, लहानपणी पंपावर विचारायचात तसंच, माझी परीक्षा घेताय. मी हसून म्हटलं, "डावीकडे, एवढं पण नाही कळत का मला?" तुम्ही म्हणालात, "बरोबर," आणि डावीकडे वळलात. तुमच्या कपाळाला घाम होता. मी तो पाहिला आणि म्हटलं, उन्हाचा असेल.

तुम्ही ते अठ्ठेचाळीस आणि पंचावन्न किलोमीटर एकट्याने काढलेत. रोज. बावीस वर्षांच्या ओळखीच्या रस्त्यावर, मागे पितळेचा माल भरलेला, आणि कुठे वळायचं ते आठवत नाही. विचारायचं कुणाला? तुम्ही त्या रस्त्याचे ड्रायव्हर. लोक तुम्हाला पत्ते विचारायचे. तुम्ही चोर म्हणवून घ्यायला तयार झालात, कारण चोर समजलं तरी माणसाला अक्कल आहे असं तरी लोक धरतात. पुढे दोन वर्षांत सगळं उघडंच पडलं, तुम्ही नळ विसरू लागलात, जेवलेलं विसरू लागलात, माझ्या तान्ह्या लेकीला उचलून ही कुणाची म्हणून विचारलंत. आम्ही म्हातारचळ म्हटलं. पण तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात हे आलं नाही की त्या डायरीतले किलोमीटर याचेच होते. मी तुम्हाला वेडाबद्दल माफ केलं आणि चोरीबद्दल केलं नाही.

पावतीनंतर मी कुणाला कळू न देता स्वतःवर पहारा ठेवला. सकाळी उठलो की दाढी करताना काल काय जेवलो ते आठवायचं. पंपावरून निघालो की पावती मुठीत धरूनच घरी यायचं. गाडीत बसल्यावर कुठे निघालो ते मोठ्याने म्हणायचं, "बोरिवली, लेकीकडे." दर गुरुवारी आम्ही दोघं बोरिवलीला जातो. नात सात वर्षांची आहे, तिला शाळेतून आणून सांभाळायचं काम आमचं. मी म्हणायचो "बोरिवली", आणि तुमची सून बाजूला बसून म्हणायची, "माहीत आहे हो मला." तिला वाटायचं मी तिलाच सांगतोय. एकदा पवईच्या उतारावर मला अचानक वाटलं की डावा पाय कुठे ठेवायचा तेच आठवत नाही. मग लक्षात आलं, या गाडीला क्लच नाहीच. तरी गोरेगाव येईपर्यंत मी डावा पाय सीटखाली ओढूनच धरला होता. आपल्याला खरंच काही होतंय की भीतीनेच होतंय, हे कळायला काही मार्ग नसतो. तुम्हाला कळलं होतं का?

तीन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी नातीला दोन दिवसांची सुट्टी होती म्हणून तिला मुलुंडला घेऊन आलो. दुपारचा एक वाजला होता. आमच्या इमारतीचं पार्किंग तळघरात आहे, तिन्ही बाजूंनी बंद, एका बाजूने फक्त उतार. गाडी लावली, नात झोपाळली होती तिला खांद्यावर घेतलं, तिची बॅग, डबा, पाण्याची बाटली, सगळं घेऊन वर आलो. जेवलो. नात झोपली. तीन वाजता इंटरकॉम वाजला. वॉचमन होता.

"साहेब, तुमची गाडी आपोआप चालू होतेय."

"म्हणजे?"

"आपली आपण चालू होते, पाच मिनिटं फरफरते, परत बंद. दोन तास झाले. आधी मला वाटलं तुम्ही आत बसलाय. तुम्ही खाली या लवकर, इकडे बाईंना त्रास होतोय."

मी तसाच, घरातल्या चपलेवर खाली गेलो. मी गाडी बंद केलीच नव्हती. आवाज नव्हता, तेव्हा बंद आहे असं वाटलं असेल. की काहीच वाटलं नसेल. किल्ली आत कपाच्या खाचेत पडलेली, एसी चालू, समोर ती हिरवी खूण तशीच उजळलेली. बॅटरी उतरली की इंजिन आपणहून सुरू व्हायचं, ती भरली की थांबायचं, पुन्हा उतरली की पुन्हा. तळघरात धुराचा वास कोंडला होता. आणि माझ्या गाडीच्या मागे, खांबापलीकडे, आमच्या सोसायटीत झाडू मारणाऱ्या बाई रोज दुपारी पुठ्ठा टाकून तासभर पडतात. हे मला माहीत होतं. दोन वर्षं रोज बघतोय. वॉचमनने त्यांना बाहेर उतारावर आणून बसवलं होतं. त्यांना दोनदा उलटी झाली होती.

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. "बाई, दवाखान्यात जाऊया."

"नको साहेब. डोकं चढलंय फक्त. हवेत बरं वाटतंय."

"माझी चूक झाली."

"असू दे हो. माणूस विसरतो."

मी त्यांना जबरदस्तीने रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथे त्यांना थोडा वेळ ऑक्सिजन लावून बसवलं, तपासलं आणि घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी त्या कामावर आल्या. त्यांना काही झालं नाही, बाबा. पण वॉचमन जागेवर नसता तर? मुलगी झोपलीय, जरा वेळ गाडीतच एसीत राहू दे, असं मी म्हटलं असतं तर? असं मी पूर्वी म्हटलेलं आहे. मी घरी येऊन बेल वाजवली. तुमच्या सुनेने आतून दार उघडलं, माझ्या हातातून गाडीची किल्ली घेतली आणि देवघराच्या खणात ठेवली.

"मित्राला गाडी दिली नव्हती ना?" ती म्हणाली.

"नाही."

"मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही काय सांगताय ते ऐकायचं होतं." मग खण लावत म्हणाली, "मला पण भीती वाटली हो. एकदा विचारलं की ते खरं होऊन बसतं."

तिने त्याच संध्याकाळी लेकीला फोन करून गाडी घेऊन जायला सांगितलं. कारण काही सांगितलं नाही, पार्किंगमध्ये काम निघालंय म्हणाली. लेक आता रोज ती गाडी चालवते आणि मला मीटर आणि लिटर मेसेज करते, कारण आपल्या बाबांना, म्हणजे मला, वहीत लिहायला आवडतं असं तिला वाटतं. तिचं अठरासुद्धा येत नाही. सिग्नल सुटला की ती दामटतेच. मी ते लिहून ठेवतो.

मागच्या सोमवारी आम्ही घाटकोपरला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण बाई आहेत, शांत बोलतात. त्यांनी मला घड्याळ काढायला लावलं, त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावली. शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं, तर मी दोनपर्यंत न अडखळता गेलो. त्या हसल्या, म्हणाल्या, इथपर्यंत कुणी जात नाही. मग सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द विचारले. मला तीन आले. उरलेल्या दोन शब्दांसाठी मी टेबलावरच्या काचेकडे बघत राहिलो आणि तुमची सून बाजूला पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, ती तिच्या ओठांत ते शब्द धरून बसली होती हे मला दिसत होतं. डॉक्टर म्हणाल्या, एवढ्यावरून काही सांगता येत नाही, रक्त तपासू, स्कॅन करू, कधी कधी साधी जीवनसत्त्वाची कमतरताही निघते. तोवर गाडी चालवायची नाही. मग फॉर्म भरता भरता, मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "घरात आई-वडिलांपैकी कुणाला असा त्रास होता का?"

बाबा, मी "नाही" म्हटलं. त्यांनी पुन्हा विचारलं, "वडील?" मी म्हटलं, "वडील शेवटपर्यंत ठणठणीत होते. ड्रायव्हर होते." तुमच्या सुनेने माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी फॉर्मवर फुली मारली. रिक्षाने घरी आलो. लिफ्टमध्ये, दार बंद झाल्यावर, एवढंच म्हणाली, "तीन वर्षं मी त्यांना भरवलंय हो, माझ्या हातांनी."

परवा रिपोर्ट घेऊन पुन्हा जायचंय. तेव्हा तुमच्याबद्दल खरं सांगणार आहे, तसं तिला कबूल केलंय. खाली गेटचा आवाज आला, ती आली वाटतं. हे कागद तिला दिसायच्या आत फाडून टाकीन, नाहीतर कुठे ठेवलेत ते मलाच सापडायचं नाही. फक्त एक गोष्ट आहे जी मी तिलाही सांगितलेली नाही आणि डॉक्टरांनाही सांगणार नाही. त्या खोलीत मी "नाही" म्हटलं ना, तेव्हा पोटातली भीती क्षणभर पार निघून गेली होती. तुम्ही माझे कुणी नव्हताच, असं म्हटल्यावर मला फार बरं वाटलं होतं.